वहीतली साखर

मास्तरांनी स्वतःच्याच पँटची कंबर तिसऱ्यांदा आत घेतली, तेव्हा ते चक्क खूश होते. "बघ, लग्नातलं माप परत आलं," असं म्हणत त्यांनी टेप कमरेभोवती गुंडाळून बायकोला दाखवला. छत्तीसवरून बत्तीस. पन्नाशी उलटलेल्या माणसाची कंबर काहीही न करता चार इंच उतरते, यात घाबरण्यासारखं काही असेल असं त्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. जगाची मापं घेण्यात तीस वर्षं गेलेली, पण स्वतःचं माप कशाने उतरलं हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

हे मास्तर शाळेतले नव्हेत, टेलर. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत घर. खिडकीपाशी पायाने चालवायची मशीन, मधे कापड बेतायचं लांब टेबल आणि भिंतीला माणसाएवढा आरसा. टेबलाच्या टोकाशी एका बुटक्या स्टुलावर त्यांची बायको बसायची आणि काज करायची, बटणं लावायची, खालची पट्टी हाताने शिवायची. मास्तरांची बायको म्हणून गिऱ्हाइकं तिला मास्तरीणबाई म्हणत. एकुलती एक मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. दोघं दिवसभर त्या एका खोलीत एकमेकांपासून चार हातांवर बसत, आणि तरीही त्यांचं बोलणं संपत नसे. निम्मं बोलणं भांडण असायचं, पण तेही चवीने चाललेलं.

साखरेची गोष्ट पहिल्यांदा काढली ती दवाखान्यातल्या सिस्टरनी. त्या नवीन युनिफॉर्मचं माप द्यायला आल्या होत्या. खांद्याचं माप झालं आणि मास्तर पाणी प्यायला गेले. बाह्यांचं झालं आणि पुन्हा गेले. कमरेचं माप तर अर्ध्यात सोडून ते मागे संडासाकडे धावले. सिस्टरनी रिकामा तांब्या पाहिला, मास्तरांच्या गळ्याजवळ सैल झालेला शर्ट पाहिला आणि माप देता देताच म्हणाल्या, "मास्तर, उद्या सकाळी काही न खाता दवाखान्यात या. चहासुद्धा घेऊ नका."

"मला काय झालंय? उलट बारीक झालोय."

"म्हणूनच या."

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी एकदा रक्त घेतलं, मग जेवून दोन तासांनी पुन्हा घेतलं. डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या, सावकाश समजावून सांगणाऱ्या होत्या. त्यांनी कागद पुढ्यात ठेवला. "उपाशीपोटी शंभरच्या आत हवी होती. सव्वाशेच्या पुढे गेली की आम्ही मधुमेह म्हणतो. तुमची दोनशे चौदा आहे. जेवणानंतरची तीनशे दहा. आणि ही तिसरी तपासणी बघा, ही सगळ्यात महत्त्वाची. बोटाला टोचून येतो तो आकडा म्हणजे त्या क्षणाची साखर. काल उपास केला, आज आकडा चांगला. पण साखर रक्तातल्या पेशींना चिकटून बसते, आणि त्या पेशी तीनेक महिने जगतात. म्हणून ही तपासणी तीन महिन्यांची सरासरी सांगते. हिच्यापुढे काही लपत नाही. ती साडेसहाच्या खाली असती तर ठीक होतं, तुमची साडेनऊ आहे."

मास्तर मान डोलवत होते, पण त्यांचं लक्ष डॉक्टरीणबाईंच्या कोटाच्या कॉलरवर होतं. एका बाजूला टीप सुटली होती. ऐकलं ते मास्तरीणबाईने, आणि तेही निम्मंच. निम्म्या वेळात ती हिशेब करत होती की गेल्या वर्षभरात आपण यांना किती लाडू करून घातले.

गोळ्या लिहून दिल्या. खाण्यातलं काय बंद, काय चालेल, रोज किती चालायचं, सगळं सांगितलं. एक छोटी मशीन घ्यायला लावली, साखर मोजायची. आठवड्यातून दोनदा, एकदा उपाशीपोटी आणि एकदा जेवल्यावर दोन तासांनी, सुई असलेल्या पेनाने बोटाला टोचून थेंबभर रक्त पट्टीवर घ्यायचं आणि आलेला आकडा वहीत लिहायचा. "मी वही बघून गोळ्या ठरवेन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वही नीट ठेवा."

वही तर तिने अशी ठेवली की काय सांगावं. शंभर पानी, वर खाकी कव्हर, आत पट्टीने आखलेले रकाने. घरातला साखरेचा डबा धुऊन त्यात बटणं भरली. "एका घरात दोन चहा करायला मला वेळ नाही," असं सांगून तिने स्वतःचाही चहा बिनसाखरेचा केला. जे मास्तरांना वर्ज्य ते तिलाही वर्ज्य. पहिले आठ दिवस चहा घशाखाली उतरेना. पण नवरा तोंड वाकडं करून पितो आणि आपण गोड पितो, हे तिला जमण्यातलं नव्हतं.

अडलं ते टोचण्यापाशी.

जन्मभर सुईशी खेळलेला माणूस, आणि त्या पेनातल्या केसाएवढ्या सुईला घाबरतो म्हटल्यावर कुणीही हसेल. मास्तरीणबाईही हसली. पण मास्तर उगाच कुरकुरत नव्हते. ती टोचायची ती बरोबर बोटाच्या पेराच्या मधोमध, जिथे मांस जास्त तिथे. दाखवलं तेव्हा सिस्टरनी काय केलं होतं ते तिने पाहिलं होतं, पण नेमकं कुठे टोचलं ते पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, मांसल जागा बरी. मास्तरांचं सगळं काम त्याच जागेवर चालायचं. कापड दोन बोटांत धरून चोळलं की त्यांना कळायचं की हे धुतल्यावर किती आटणार, बाजू उलटी आहे की सुलटी, तिरकं ओढलं तर कुठे लोंबणार. टोचल्यावर दोन दिवस ते बोट दुखरं राहायचं, आणि मास्तर कापड धरताना ते बोट वर उचलून धरायचे. गालिच्यावरून अनवाणी चालायची सवय असलेल्या माणसाला कुणी बूट घातल्यासारखं वाटायचं त्यांना.

आणि मग तो कोट आला. नवरदेवाचा, हस्तिदंती रंगाचा, कापड असं की हात लावायलाही भीती वाटावी. मास्तर छातीचा खिसा लावत होते आणि सकाळी टोचलेलं बोट पुन्हा उघडलं. मुगाच्या दाण्याएवढा लाल डाग पडला, तोही नेमका समोर. मास्तरांचा चेहरा कापडाहून पांढरा झाला.

टेलर लोकांत असं मानतात की आपल्या रक्ताचा डाग आपल्याच थुंकीने निघतो. मास्तरांनी दोऱ्याचा बोळा तोंडात धरला, पण त्यांच्या तोंडाला कोरड पडलेली. थुंकी येईना. तेव्हा मास्तरीणबाईने तो बोळा त्यांच्याकडून घेतला, आपल्या तोंडात ओला केला आणि हलक्या हाताने डाग टिपला. एकदा, दोनदा, पाचदा. डाग गेला. मास्तरांनी कोट उजेडात धरून पाहिला, सुस्कारा टाकला आणि म्हणाले, "घे. तुझं-माझं रक्त वेगळं नाहीच म्हणायचं."

दोघं पोटभर हसले. भीती गेल्यावर माणूस हसतो तसे.

त्या गुरुवारी जेवल्यावर दोन तासांनी ती मशीन आणि पेन घेऊन आली, तर मास्तरांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. लहान मुलासारखे. "कोट जाईपर्यंत तरी थांब. अजून बाह्या लावायच्यात."

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, वही नीट ठेवा."

"मग ठेव ना नीट. कोण नको म्हणतंय?"

ती उभी राहिली. वहीतला आजचा रकाना रिकामा होता आणि तिला रिकामा रकाना बघवत नव्हता. मग, खरंच सांगायचं तर तीच म्हणाली, मास्तर नव्हे. "एकाच पातेल्यातलं खातो आपण. एक भाकरी मोडून दोघं खातो. चहा एक, आणि साखर तर घरातच नाही. मग तुमची एक आणि माझी एक, असं कसं असेल?" आणि तिने स्वतःच्या डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला पेन लावून खटका दाबला. एकशे आठ.

"वा," मास्तर म्हणाले. "पथ्याचा गुण आला."

तिने लिहिलं: एकशे आठ.

यात फसवणूक होती असं तिला तेव्हा वाटलं नाही. नंतर रात्रंदिवस तिने हेच स्वतःला विचारलं की मला कळत होतं का, आणि दर वेळी उत्तर एकच आलं, की नाही. तिला खरोखरच वाटत होतं की साखर पोटातून येते, पोटात अन्न एकच गेलं, तर आकडाही एकच येणार. एकाच ताग्यातले दोन शर्ट सारखेच आटतात, असा तो साधा हिशेब होता. शरीर आतून काय बिघडवून ठेवतं, अन्न तेच असूनही एकाच्या रक्तात साखर का साचते आणि दुसऱ्याच्या का नाही, हे तिला कुणी सांगितलं असतं तर कळलं असतं. पण सांगणारे होते दवाखान्यात, आणि आकडा होता घरात.

कोट गेला. पण हात मागे नेण्याची सवय राहिली, आणि तिची बोट पुढे करण्याची. दर सोमवारी, दर गुरुवारी. अठ्ठ्याण्णव, पंच्याण्णव, जेवणानंतर एकशे चोवीस. तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी वही पाहिली आणि म्हणाल्या, "अरे वा, मास्तर, इतकी सुंदर वही मी पाहिली नाही." मास्तरीणबाईला शाळेत नंबर आल्यासारखं वाटलं. डॉक्टरीणबाईंनी तीन महिन्यांच्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली. घरी येताच गिऱ्हाईक आलं आणि मास्तरांनी त्या चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर छाती, कंबर, उंची लिहून घेतली. पुढच्या खेपेची चिठ्ठी अशीच एका पँटच्या खिशात शिवली गेली असावी, कारण ती पुन्हा सापडली नाही. "वही चांगली आहे ना, मग कशाला उगीच भोसकून घ्यायचं," मास्तर म्हणत. त्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी वही उलटसुलट पाहिली आणि सकाळची गोळी अर्धी केली.

दीड वर्ष असं चाललं.

त्या दीड वर्षात काही दिसत नव्हतं असं नाही. मास्तरांना पुन्हा तहान लागू लागली. ती म्हणाली, उन्हाळा आहे. पायाला मुंग्या यायच्या. मास्तर म्हणाले, सारखं पायडल मारून येतात. शाळेचे युनिफॉर्म चालू होते त्या दिवसांत एका शर्टाची कॉलर त्यांनी दोनदा उसवली, आणि मशीनमध्ये दोरा ओवायला बायकोला हाक मारली. "बल्ब मिचमिचतोय," असं म्हणाले. तिने बल्ब बदलला. तिच्या मनात कधी कधी पाल चुकचुके, पण वही उघडली की चौऱ्याण्णव, जेवणानंतर एकशे चार, अठ्ठ्याण्णव. तिच्याच हस्ताक्षरात, तिच्याच बोटातून आलेले आकडे, आणि तीच ते वाचून निर्धास्त व्हायची. लिहिलेल्यावर माणसाचा किती विश्वास असतो, विशेषतः आपणच लिहिलेल्यावर.

एका सकाळी तिने दुकान झाडलं तर फरशीवर तपकिरी ठिपके दिसले. मशीनपासून टेबलापर्यंत, टेबलापासून मोरीपर्यंत. तिला आधी वाटलं, आपल्याच बोटातून पडले असतील. मग ठिपके कुठून सुरू होतात ते पाहत ती मास्तरांच्या पायाशी आली.

"पाय वर करा."

"काय झालं?"

"वर करा म्हणते ना."

तिने पाय मांडीवर घेतला. अंगठ्याच्या खाली, तळव्यात, निळ्या मण्याची टाचणी होती. मणी तेवढा बाहेर, बाकी सगळी आत. भोवतीचं कातडं जांभळं पडून सुजलं होतं आणि तिथून वास येत होता. टेलरच्या दुकानात टाचणी टोचायचीच, त्यात नवल नाही. पण टाचणी टोचली की माणूस ओरडतो, शिव्या देतो, एका पायावर नाचतो. ही कधी शिरली ते मास्तरांना माहीतच नव्हतं. ते वाकून आपल्याच तळव्याकडे बघत होते, गिऱ्हाइकाने आणलेलं कापड बघावं तसे.

"दुखत नाही?" तिने विचारलं.

"नाही गं," ते म्हणाले. आणि मग जरा घाबरून, "दुखायला हवं होतं का?"

दवाखान्यात सिस्टर होत्या. त्यांनी पाय पाहिला आणि लगेच मशीन काढली. मास्तरांचं बोट हातात घेतलं, थोडं वळवलं आणि पेराच्या बाजूला, अगदी नखाच्या कडेशी टोचलं. मास्तरांनी हूं की चूं केलं नाही.

"तिथे का?" मास्तरीणबाईने विचारलं.

"कुठे?"

"कडेला का टोचलंत?"

"मग कुठे टोचायचं? मधे टोचलं तर दुखत राहतं, आणि कामाचा भाग तोच असतो. कडेला नसा कमी, दुखत नाही फारसं." सिस्टर थेंबाला पट्टी लावता लावता बोलत होत्या. "तुम्ही घरी मधे टोचत होतात का?"

तिने मान हलवली. एवढंच होतं तर. अर्ध्या बोटाएवढं बाजूला. कुणाला एकदा विचारलं असतं, तोंड उघडून विचारलं असतं, तर त्यांचं बोटही दुखलं नसतं आणि तिला आपलं पुढे करावं लागलं नसतं. कडेला न टोचल्यामुळे ते बोट मागे नेत होते, आणि आता कडेला टोचल्यावर बघा, हूं नाही की चूं नाही, असं तिला वाटलं. मशीन वाजली. तीनशे बेचाळीस.

डॉक्टरीणबाईंनी एका हातात वही घेतली आणि दुसऱ्या हाताने मास्तरांचा पाय उजेडाकडे वळवला. वहीची शेवटची दोन पानं त्यांनी पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "ही वही आणि हा पाय एका माणसाचे नाहीत."

खोलीत पंखा चालू होता. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "वही माझी आहे."

"म्हणजे लिहिता तुम्ही, ते माहीत आहे."

"नाही. रक्त माझं आहे."

मग तिने सगळं सांगितलं. कोट, डाग, पातेलं, भाकरी. सांगताना ते इतकं खुळ्यासारखं वाटत होतं की तिला मधेच थांबावंसं वाटलं, पण ती थांबली नाही. मास्तर मधे म्हणाले, "मीच म्हटलं होतं तिला." ती म्हणाली, "खोटं बोलू नका आता." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण परक्या माणसासमोर नवऱ्याला असं ती कधी बोलली नव्हती.

डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले. "मी चिठ्ठी दिली होती," त्या म्हणाल्या. "आणि चिठ्ठी नसतानाच गोळी कमी केली. माझंही चुकलंच." संध्याकाळी तीन महिन्यांच्या तपासणीचा कागद आला. बारा. दीड वर्षांपूर्वी साडेनऊ होती ती.

"आणि माझी?" तिने विचारलं. तिचंही रक्त घेतलं होतं.

"तुमची उत्तम आहे. काही काळजी करू नका."

तिला आपल्या निरोगी रक्ताची लाज वाटली. एखाद्या घरात सगळे उपाशी असताना आपण जेवून आलेलं कळावं, तशी. एकाच पातेल्यातलं खाऊन तिचं सगळं ठीक होतं आणि त्यांचं सगळं गेलं होतं, आणि ही गोष्ट दीड वर्ष तिच्या स्वतःच्या अक्षरात, पट्टीने आखलेल्या रकान्यांत लिहिलेली होती.

पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काढावं लागलं. मोठ्या इस्पितळात अठरा दिवस काढले. मुलगी येऊन चार दिवस राहून गेली. तिला आईने खरं सांगितलं. मुलगी म्हणाली, "आई, तू एक फोन तरी करायचास." फोन कशासाठी करायचा हेच कळलं नव्हतं, तर तो करणार कुठून. मास्तर मात्र इस्पितळातही थट्टा करत होते. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला म्हणाले, "आता बुटाचं कापड कमी लागेल." तो माणूस हसला. मास्तरीणबाई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

घरी आल्यावर पहिल्या सोमवारी तिने नवीन वही काढली. खाकी कव्हर घातलं नाही. सकाळची वेळ होती, खिडकीतून टेबलावर ऊन आलं होतं आणि शिवणाच्या मशीनवर जुनी चादर टाकलेली होती. तिने कोमट पाण्याचं भांडं आणलं, मास्तरांचे हात साबणाने धुतले, एकेक बोट कोरडं केलं. सिस्टरनी सांगितलं होतं तसं. त्यांनी हात मागे नेले नाहीत. उलट आपणहून पुढे करून टेबलावर ठेवले.

"माझंच घे आता," ते म्हणाले.

"मग कुणाचं घेणार?"

तिने त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट धरलं. कडेला, नखाशेजारी, हे ती इस्पितळातून येताना रस्ताभर घोकत आली होती. पण पेन लावताना बोट वळलं आणि खटका दाबला गेला तो बरोबर मधोमध, पेराच्या मांसात. पूर्वी टोचायची तिथेच. ओशाळून तिने वर पाहिलं.

मास्तर बाहेर पाहत होते. समोरच्या घराच्या दोरीवर कुणाचा तरी शर्ट वाळत होता आणि ते त्याची बाही बघत होते. "घे ना," ते म्हणाले. "किती वेळ धरून बसलीयस."

बोटावर थेंब आला होता. चांगला ठळक. तिने पट्टी टेकवली. मशीन वाजली तेव्हा त्यांनी मान वळवली. आधी आपल्या बोटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिने इतक्या वर्षांत त्यांना असं पकडलं जाताना पाहिलं नव्हतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"असेल. शाळेचे युनिफॉर्म होते ना, तेव्हापासून. आधी पायाचं गेलं. मग ही दोन बोटं. मग हळूहळू सगळीच."

"बल्ब बदलायला लावलात मला."

"हो."

"आणि तरी दर सोमवार, दर गुरुवार मला टोचून घेऊ दिलंत? तुम्हाला दुखतच नव्हतं तर?" रागाने तिचा आवाज चढला आणि मधेच फाटला. "एकदा म्हणायचं ना, आता माझं घे, मला काही होत नाही म्हणून. तेव्हाच कळलं असतं सगळं. पायाची बोटं वाचली असती तुमची."

मास्तरांनी ते बोट अंगठ्यावर घासून पाहिलं, दोनदा, आणि मग हात टेबलावर उपडा ठेवला.

"तू माझ्यासाठी तुझं बोट टोचायचीस," ते म्हणाले, "तेव्हा मला वाटायचं, माझं अजून दुखतंय."

तिचा राग कुठे गेला ते तिलाही कळलं नाही. ती रडू लागली, आवाज न करता, पेन हातात तसंच धरून. मास्तर तिच्याकडे पाहत राहिले. थोड्या वेळाने तिने पदराने डोळे पुसले, मशीनवरचा आकडा पुन्हा पाहिला आणि वहीच्या पहिल्या ओळीत लिहिला: दोनशे अकरा. मग त्यांचा हात उलटा करून बोटावरचं रक्त कापसाने टिपलं, आणि थांबेपर्यंत तो कापूस तिनेच दाबून धरला, कारण नीट दाबलाय की नाही हे त्यांना कळलं नसतं.